सोन्याच्या पायांचा किडा

आम्ही बोलतोय पुण्याच्या शनिवार पेठेतून. शनिवारवाडा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. त्या वाड्याच्या पश्चिमेला, नदीच्या बाजूने ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत पसरलेली ही आमची पेठ. आम्ही तिघी एकाच वाड्यात राहतो. एकीच्या यजमानांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुसरीची सगळी नोकरी एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत गेली. तिसरी शिवणकाम करते. तिघींचा मिळून एक छंद आहे आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आम्ही जुन्या आयसी जमवतो. आयसी म्हणजे संगणकात, टीव्हीत, मोबाइलमध्ये हिरव्या पट्टीवर बसवलेली ती काळी चौकोनी वडी. इंग्रजी वर्तमानपत्रं तिला चिप म्हणतात, दुरुस्तीवाले आयसी म्हणतात आणि आमच्या वाड्यातली पोरं किडा म्हणतात. पोरांचं म्हणणं खोटं नाही. दोन्ही बाजूंना पायांची रांग, मध्ये काळी पाठ. उलटी ठेवली तर मेलेलं झुरळच वाटावं.

लोक हसतात. अडकित्ते जमवा, पितळी दिवे जमवा, बायकांनी हे कसले किडे जमवायचे? पण तुम्ही ऐका, आणि मग ठरवा.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. तुमच्या शेतात पाटाचं पाणी येतं. कुठे दार धरायचं, कुठे मोडायचं, हे ज्याला कळतं तो एकाच पाटातून दहा वाफे भिजवतो. आयसीच्या आत हेच चालतं, पाण्याच्या जागी वीज असते. विजेची वाट उघडणारी आणि बंद करणारी बारीक बारीक दारं आत असतात. दार उघडं म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. या एक-शून्याच्या जोरावर बेरीज होते, वजाबाकी होते, अक्षरं उमटतात, तुमचा आवाज दूरच्या लेकीपर्यंत पोचतो. ही दारं बनतात सिलिकॉनवर, आणि सिलिकॉन मिळतं गारगोटीतून, म्हणजे एका तऱ्हेच्या वाळूतूनच. ती खूप शुद्ध करून, तिचा गोल दंडगोल ओढून, त्याच्या पातळ चकत्या करतात. एका चकतीवर शेकडो चिपा एकदम छापल्या जातात आणि मग शंकरपाळ्यांसारख्या कापून वेगळ्या करतात.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? डेअरीत दूध घालता तेव्हा फॅट सांगणारं यंत्र, घरचं विजेचं मीटर, रेशन दुकानात अंगठा लावायचं मशीन, फोनमधलं सिम कार्ड, सगळ्यांच्या पोटात हाच किडा आहे. दिवसातून दहा वेळा आपण त्याच्यावर विसंबतो, आणि तो दिसायला कसा असतो ते मात्र माहीत नसतं.

आता आमच्या छंदाची रीत. शनिवार पेठेला लागून बुधवार पेठ. तिथे पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आहेत. जुना दुकानदार दुकान आवरायला निघाला की माळ्यावरून डबे उतरतात. त्यात वीस-तीस वर्षं कोणी हात न लावलेला माल असतो. दुसरी जागा म्हणजे जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे फाटक्या ताडपत्रीवर कुलपं, नाणी, घड्याळं, पक्कडी आणि त्यांच्यात एखादा संगणकाचा बोर्ड पडलेला असतो. तिसरी जागा आमचे भंगारवाले. त्यांच्याकडे आम्ही किलोच्या भावाने बोर्ड बघतो आणि हवी ती आयसी दिसली तर बोर्ड उचलतो.

हवी ती म्हणजे कोणती, ते पाठीवर लिहिलेलं असतं. पाठीवर दोन-तीन ओळी असतात. एका ओळीत कंपनीची खूण आणि आयसीचा नंबर. दुसऱ्या ओळीत बहुतेकदा चार आकडे. समजा ८५३२ असं आहे. याचा अर्थ १९८५ सालचा ३२ वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट महिना. ही आयसी जन्मली तेव्हा आपल्याकडे श्रावण असणार! शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला हे आकडे वाचायचा असा नाद लागला आहे की तिने स्वतःच्या लग्नाच्या आठवड्यातली एक आयसी शोधून ठेवली आहे. कधी कधी देशाचं नावही असतं. मलेशिया, फिलिपिन्स, कोरिया, एल साल्वाडोर. शेवटचं नाव आम्ही मुलांच्या शाळेच्या नकाशात शोधलं. मध्य अमेरिकेतला छोटासा देश निघाला.

सांभाळायची पद्धतही सांगतो, कारण त्यात गंमत आहे. थंडीच्या दिवसांत नायलॉनची साडी सोडताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणगी दिसते. ती अंगावर साठलेली वीज असते. आपल्याला नुसता झटका बसतो, पण तेवढ्या झटक्यात आयसीच्या आतली दारं जळून जातात. म्हणून आम्ही हे काम सुती साडी नेसून करतो, आयसीला हात लावण्याआधी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावतो, आणि पाय काळ्या खास फोममध्ये खोचून ठेवतो. तो नसेल तर पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चालतो. थर्माकोल अजिबात नाही, त्यात वीज साठते. आमचा सगळा खजिना बिस्किटांच्या चार पत्र्याच्या डब्यांत आहे.

आता त्या डब्यांतलं थोडं दाखवतो. रेडिओवर दिसत नाही, तेव्हा डोळे मिटून बघा.

एक वस्तू आमच्याकडे नाही, पण तिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिचा नंबर ४००४. इंटेल नावाच्या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ती बाजारात आणली. मुळात एका जपानी कंपनीच्या हिशेबाच्या यंत्रासाठी, कॅल्क्युलेटरसाठी, ती बनवली होती. सोळा पाय, आत २,३०० दारं. संगणकाचा सगळा मेंदू एका वडीत बसवून विकायला ठेवलेली ही पहिली चिप. तिच्या सुरुवातीच्या नगांना पांढऱ्या चिनीमातीची पाठ आणि सोन्याचा मुलामा दिलेले पाय असत. जगभरचे शौकीन तिच्यासाठी हजारो रुपये मोजतात. आज तुमच्या हातातल्या मोबाइलच्या चिपमध्ये अशी दारं शेकडो कोटी असतात, महागड्या फोनमध्ये तर हजार कोटींच्याही पुढे.

आमच्या डब्यातली मानाची आयसी म्हणजे ८०८५. १९७६ ची रचना. चाळीस पाय, साडेसहा हजार दारं. नावातला पाच हा पाच व्होल्टचा. आधीच्या चिपेला तीन वेगवेगळ्या दाबांची वीज लागायची, हिला एकाच पाच व्होल्टवर भागतं. आपल्या देशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि तंत्रनिकेतनांत कितीतरी वर्षं मुलं हिच्यावरच शिकली. प्रयोगशाळेत काम केलेली आमची मैत्रीण सांगते की मुलं पहिल्यांदा या आयसीकडून दोन आकड्यांची बेरीज करून घ्यायची, आणि समोर उत्तर उजळलं की टाळ्या वाजवायची. दोन अधिक तीन पाच, एवढंच असायचं ते! पण यंत्राला आपण सांगितलं आणि यंत्राने ऐकलं, याचा आनंद तो.

तिसरी वस्तू बायकांना फार आवडते. हिच्या पाठीला काचेची गोल खिडकी आहे. खिडकीतून आतला चमकणारा चौकोन दिसतो, नथीतल्या खड्यासारखा. ही लिहून ठेवायची आयसी. हिच्यात एकदा मजकूर भरला की वीज गेली तरी राहतो. पुसायचा असेल तर खिडकीवर अतिनील किरणांचा दिवा वीसेक मिनिटं धरायचा. उन्हातही हे किरण असतात. म्हणून उन्हाने आपोआप पुसलं जाऊ नये यासाठी खिडकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवतात, अगदी टिकली लावल्यासारखी. आमची ही आयसी एका जुन्या एसटीडी-पीसीओच्या यंत्रातून निघाली. पिवळ्या पाटीचं ते दुकान आठवतं ना? फोन ठेवला की टरटर करत बिलाची चिठ्ठी यायची. मुंबईला असलेल्या नवऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं आणि डोळा त्या लाल आकड्यांवर ठेवायचा. किती सेकंदाला किती पैसे, हा हिशेब या खिडकीच्या आत लिहिलेला असायचा.

चौथी गोष्ट आहे ती पेंटियमची. ही चिप १९९३ ची. अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकांना, थॉमस नाइसली यांना, १९९४ मध्ये दिसलं की काही भागाकारांत ही चिप बारीकशी चूक करते. दशांश चिन्हाच्या पुढच्या कुठल्यातरी घरात. कंपनीचं म्हणणं पडलं की नेहमीच्या वापरात ही चूक कोणाला जाणवणारही नाही. लोकांनी ऐकलं नाही. हिशेबाचं यंत्र आहे ना, मग हिशेब बरोबरच पाहिजे. शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च सोसला. बचत गटाच्या वहीत दोन रुपयांचा फरक आला तर आपण रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधतो, आणि घरचे म्हणतात, दोन रुपयांसाठी काय एवढं! त्यांना ही गोष्ट सांगा.

आणि पाचवी गोष्ट आमच्या पुण्याची. १९८० च्या दशकात आपल्या देशाला मोठा, फार वेगवान संगणक हवा होता. अमेरिकेने तो हवामानाच्या कामापुरता दिला, बाकी कामांसाठी द्यायला नकार दिला. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० हा महासंगणक तयार केला. एक अवाढव्य चिप शोधत बसण्याऐवजी त्यांनी ट्रान्सप्युटर नावाच्या पुष्कळ चिपा एकमेकींना जोडल्या आणि एकच काम सगळ्यांत वाटून दिलं. चिपा ब्रिटिश कंपनीच्या होत्या, जोडायची अक्कल इथली होती. एकटीने होत नाही ते काम दहाजणींनी वाटून घेतलं की होतं, हे गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. ट्रान्सप्युटरची एक आयसी आम्हाला मिळावी म्हणून आम्ही जुना बाजार पालथा घालतोय. अजून मिळालेली नाही.

या छंदात आम्हाला सर्वांत जास्त धरून ठेवलं ते एका गोष्टीने. हे किडे कोणी बनवले? संशोधकांची नावं पुस्तकात सापडतात. पण त्या बारीक चौकोनापासून प्रत्येक पायापर्यंत केसाहून पातळ तार जोडायची, तीही सूक्ष्मदर्शकात बघत, हे काम कितीतरी वर्षं हातांनी झालं, आणि ते हात बहुतेक बायकांचे होते. अमेरिकेत नवाहो नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांच्या बायका गालिचे विणण्यात नावाजलेल्या. फेअरचाइल्ड नावाच्या चिप कंपनीने १९६५ मध्ये त्यांच्या शिपरॉक गावी काम सुरू केलं आणि शेकडो नवाहो बायकांना कामाला लावलं. १९६९ मध्ये कंपनीने एक पुस्तिका काढली, तिच्यात नवाहो गालिचा आणि चिपची नक्षी यांचं साम्य दाखवलं होतं. १९७५ मध्ये तो कारखाना बंद झाला. १९७२ मध्ये इंटेलने मलेशियातल्या पेनांगला कारखाना काढला, तिथेही ओळीने बसलेल्या तरुण मुलीच हे काम करत. आमच्या आयसीवर मलेशिया लिहिलेलं असतं ते त्यामुळे.

त्याच्याही आधीचं सांगतो. माणूस चंद्रावर गेला १९६९ मध्ये. त्या अपोलो यानाच्या संगणकाला काय काय करायचं ते पाठ असावं लागे. ती आठवण तारेने विणलेली होती. बारीक कड्यांच्या आतून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेतल्या वॉल्टम गावच्या कारखान्यात बायकांनी ती ओवली. एक टाका चुकला तर यानाचा हिशेब चुकला. मण्यांचं तोरण करणारी, गोधडी शिवणारी बाई हे वाचते तेव्हा तिला कळतं की किती नजर लागली असेल. आयसीच्या पाठीवर कंपनीचं नाव असतं, आठवडा असतो, देश असतो. बाईचं नाव कुठेच नसतं. आम्ही आयसी हातात घेतो तेव्हा ते न लिहिलेलं नाव मनात म्हणतो.

आता त्या सोन्याकडे येऊ. कारण तुमच्या दारात येणारी गोष्ट ती आहे.

जुन्या आयसीच्या पायांना सोन्याचा मुलामा असतो, हे खरं. सोनं गंजत नाही, वीज बिनअडथळा जाऊ देतं, म्हणून तो देतात. पण तो मुलामा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. पुढच्या काळातल्या बहुतेक आयसींच्या पायांना तर साधं कथील असतं. तरीही "भंगारातून सोनं" हे शब्द असे आहेत की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात.

आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीचं माहेर पुरंदर तालुक्यात आहे. तिथल्या एका बचत गटाकडे एक माणूस आला. म्हणाला, जुन्या मोबाइलचे आणि संगणकाचे बोर्ड मी देतो, तेजाब मी देतो, शिकवतोही मीच, आणि निघालेलं सोनंही मीच घेतो. गटाने फक्त चाळीस हजार भरायचे. गटाच्या खात्यात तेवढेच पैसे होते, आणि तेही पेरणीच्या वेळी बियाणं-खतासाठी द्यायचे. बैठक ठरली. मैत्रिणीच्या वहिनीने निरोप धाडला आणि आम्ही आमचा डबा घेऊन गेलो.

आम्ही डबा उघडून सोन्याच्या पायाची आयसी आणि कथलाच्या पायाची आयसी शेजारी शेजारी ठेवली. त्या माणसाने दिलेला बोर्डाचा नमुना गटाकडे होता. त्याच्यावरची एकेक आयसी भिंगातून सगळ्याजणींनी पाहिली. बहुतेक कथलाच्या. मग प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने तेजाबाबद्दल सांगितलं. नायट्रिक ॲसिडमध्ये तांबं पडलं की तांबूस-पिवळा वायू निघतो. त्या वेळी नुसता खोकला येतो, आणि काही तासांनी, माणूस घरी जाऊन झोपल्यावर, फुप्फुसात पाणी भरू शकतं. उरलेलं पाणी ओढ्यात टाकलं की त्यातलं तांबं, शिसं जमिनीत उतरणार. शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित मात्रा तज्ज्ञांना सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये खास याच विषयावर अहवाल काढला आणि अशा कामामुळे बायका आणि मुलांच्या जिवाला असलेला धोका मांडला. आणखी एक. तेजाबातून खाली बसणारं सोनं पिवळं दिसत नाही, ते तपकिरी गाळासारखं दिसतं. तो गाळ सोनं आहे की नुसताच गाळ, हे ठरवणार कोण? विकत घेणारा. वजन करणार कोण? तोच.

खोलीत शांतता झाली. मग कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "एवढं सोनं असंल तर त्यो आपल्याला कशापायी देतोय? सोताच काढंल की." याच्यावर आम्हाला काही जोडायची गरज पडली नाही. मत घेतलं. अकराजणी नको म्हणाल्या, दोघी घ्या म्हणाल्या. त्या दोघींनाही कोणी टाकून बोललं नाही, कारण त्यांना पैशाची निकड होती आणि ती खरी होती. त्यांतल्या एकीला गटाने त्याच बैठकीत शेळीसाठी कर्ज दिलं. पलीकडच्या एका वस्तीवर मात्र पैसे भरले गेले. तिथल्या एका बाईचा हात मनगटापर्यंत भाजला आहे. तो माणूस आता फोन उचलत नाही.

याच्यासारखीच दुसरी अफवा म्हणजे लाल पारा. जुन्या टीव्हीत, रेडिओत, कुठे शिवणयंत्रातही लाल पारा असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, असं सांगत माणसं फिरतात. २००९ मध्ये सौदी अरेबियात या अफवेपायी जुन्या शिलाई मशिनींना भलत्याच किमती आल्या होत्या. आमच्या दुकानवाल्या मैत्रिणीच्या घरात चाळीस वर्षांत हजारो टीव्ही उघडले गेले. लाल पारा एकातही निघाला नाही, कारण असं काही त्यात नसतंच. टीव्हीची जुनी काचेची नळी फोडायला जाल तर ती फुटून डोळ्यात जाईल, आणि तिच्या काचेत शिसं असतं.

मग घरात पडलेल्या जुन्या फोनचं, रेडिओचं करायचं काय? आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली. वायर जाळू नका आणि मुलांना जाळू देऊ नका. तांब्यासाठी वायरवरचं प्लास्टिक जाळतात, त्या धुरात फार विषारी द्रव्यं असतात. तांबं हवंच असेल तर वरचं आवरण सुरीने सोला.

दुसरी. फुगलेली बॅटरी हा छोटा सुतळी बॉम्ब समजा. टोचायची नाही, चार्ज करायची नाही, चुलीजवळ ठेवायची नाही. घराबाहेर कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकर देऊन टाका.

तिसरी. देताना अधिकृत ठिकाणी द्या. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आपण बाजारात आणलेल्या वस्तूंच्या कचऱ्याची नीट विल्हेवाट लागेल हे बघायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. परवाना असलेल्या केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. एकट्या बाईचा एक फोन कोणी न्यायला येणार नाही. गटाने गावाचा मिळून एक गोणीभर माल जमवला तर ग्रामपंचायतीमार्फत बोलणं करता येतं. पुण्यात आमच्याकडे कचरावेचक बायकांचीच स्वच्छ ही सहकारी संस्था हे काम करते. १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे स्वच्छ निघाली. ज्यांना लोक नाक मुरडायचे त्या बायका आज ओळखपत्र लावून घरोघर जातात.

चौथी. देण्याआधी एकदा नीट बघा. खिडकीची आयसी, पांढऱ्या चिनीमातीची आयसी, सोनेरी झाकणाची आयसी दिसली तर ती तोडू नका, तापवू नका. चांदीच्या कागदात गुंडाळून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना नेऊन द्या. मुलींना पाठीवरचे आकडे वाचायला लावा. गणिताच्या तासाला याहून चांगलं साधन नाही, आणि पैसा एकही लागत नाही.

पैशाचं विचाराल तर स्पष्ट सांगतो. या छंदातून आम्ही श्रीमंत झालो नाही, होणारही नाही. शौकिनांच्या बाजारात काही आयसींना भाव येतो, पण पाठ घासून वर नवा नंबर छापलेल्या नकली आयसीही तितक्याच फिरतात. गटाचा पैसा यात घालू नका. वेळ घाला, तोही उरलेला.

मग आम्ही हे का करतो? पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे साठएक वर्षं गावोगाव फिरत राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांनी काय जमवलं? दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, फण्या, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९६२ मध्ये तो सरकारला देऊन टाकला. त्यांनी त्या वस्तू मोडीतून उचलल्या नसत्या तर आपल्या पणजीच्या हातात काय होतं ते आज आपल्याला बघायला मिळालं नसतं. आपल्या हयातीतल्या वस्तूंचंही तसंच आहे. पीसीओचं यंत्र, पहिला रंगीत टीव्ही, दुकानदाराचं कॅल्क्युलेटर, सगळं वितळवून झालं की नातीला काय दाखवायचं?

म्हणून तुम्हाला एक सुचवतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली बंद पडलेली एक वस्तू आणावी. फोन, रिमोट, रेडिओ, काहीही. विजेला जोडलेली नको, बॅटरी काढलेली असावी. टीव्ही मात्र कोणी उघडायचा नाही, त्याच्यात बंद केल्यावरही वीज साठून राहते. गावात दुरुस्तीचं काम येणारी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला बोलवा आणि एक वस्तू उघडून बघा. पाठीवरचा आठवडा वाचा. कोणाचं लग्न त्या वर्षी झालं, कोणाचं बाळ तेव्हा पाळण्यात होतं, हे आपोआप निघेल. गप्पा रंगतील. आणि उद्या कोणी तेजाबाची बाटली आणि सोन्याची गोष्ट घेऊन दारात आला, तर तुमच्यापैकी एकजण तरी भिंग हातात घेऊन विचारेल, "दादा, हे पाय सोन्याचे का कथलाचे?"